जुन्या विद्युत् दुचाकीचा नियंत्रक : बदली, सुरक्षितता आणि कायदा

चंद्रपूर जिल्हा हे महाराष्ट्राच्या विजेचे एक मोठे उगमस्थान आहे. येथील कोळशावर चालणाऱ्या महाऔष्णिक विद्युत् केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट असून येथे निर्माण होणारी वीज राज्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचते. ज्या भूमीतून ही वीज निघते, तेथील गावांच्या अंगणातही ती आता एका नव्या रूपाने आली आहे. घुग्घुस, भद्रावती, राजुरा, मूल, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी अशा गावांतून विजेवर चालणाऱ्या दुचाकी दिसू लागल्याला बराच काळ लोटला. शाळेत जाणारे शिक्षक, गावोगाव फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, दूध पोहोचविणारे शेतकरी आणि महाविद्यालयात जाणारी मुले यांना ही गाडी सोयीची वाटते. पेट्रोलचा खर्च नाही, आवाज नाही आणि घरच्याच विजेवर रात्रीतून ती भरून निघते.

पण कोणतेही यंत्र जुने होतेच. विद्युत् दुचाकीत सर्वांत महाग भाग बॅटरी असली, तरी अचानक दगा देणारा भाग बहुधा दुसराच असतो. तो म्हणजे नियंत्रक. कारागीर त्याला ‘कंट्रोलर’ या नावाने ओळखतात. त्याची बदली करणे हे अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. मात्र या अर्ध्या तासात केवळ एक सुटा भाग बदलतो असे नाही. चुकीचा नियंत्रक बसविला, तर कायद्याच्या दृष्टीने ती गाडी कालची गाडी राहत नाही. ही गोष्ट वापरणाऱ्यास ठाऊक नसते, पुष्कळदा बसविणाऱ्यासही नसते. म्हणून ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय अधिकारी यांनी हा विषय मुळातून समजून घेणे अगत्याचे आहे.

एक नेहमीचा प्रसंग

उदाहरणादाखल एक प्रसंग घेऊ. मूल तालुक्यातील एका गावचे गुरुजी पाच-सहा वर्षांपूर्वी घेतलेल्या कमी वेगाच्या विद्युत् दुचाकीवरून रोज बारा किलोमीटर अंतरावरील शाळेत जातात. गाडीला नोंदणी क्रमांक नाही, कारण तिला नोंदणीची गरजच नव्हती. पावसाळ्यात एके दिवशी गाडी झटके देऊ लागली आणि दोन दिवसांनी पूर्ण थांबली. ज्या कारखान्याची गाडी, त्याचा विक्रेता आता तालुक्यात नाही. गावच्या नाक्यावरील कारागिराने गाडी पाहिली आणि म्हटले, “गुरुजी, कंट्रोलर गेला. कंपनीचा मिळत नाही. पण माझ्याकडे याच्याहून मोठा आहे. तो टाकून देतो. पैसे तेवढेच, आणि गाडी चाळीस-पंचेचाळीसने पळेल.”

कारागिराचा हेतू वाईट नसतो. गुरुजींची अडचणही खरी असते. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, चिमूर या तालुक्यांतील कित्येक रस्ते जंगलाच्या कडेने जातात. तिन्हीसांजेला बंद पडलेली गाडी ओढत घरी येणे येथे केवळ त्रासाचे नसून जिवावर बेतणारेही ठरू शकते. वाघ आणि माणूस यांच्या संघर्षाच्या घटना या जिल्ह्याला नव्या नाहीत. अशा वेळी जो भाग हाताशी आहे तो बसवून घ्यावा, असे कोणासही वाटेल. म्हणूनच हा निर्णय घाईत न घेता कसा घ्यावा, याची माहिती आधीच असली पाहिजे.

नियंत्रकाचे कार्य

आजच्या बहुतेक विद्युत् दुचाकींत मागच्या चाकाच्या तुंब्यातच मोटर बसविलेली असते. ती ब्रशविरहित असते, म्हणजे तिच्या आत घासणारे कार्बनचे तुकडे नसतात. तिच्या वेटोळ्यांना तीन जाड तारांतून आळीपाळीने वीज मिळाली, तरच चाक फिरते. कोणत्या क्षणी कोणत्या तारेत वीज सोडावयाची हे मोटरीतील तीन लहान संवेदक सांगतात. त्यांना हॉल संवेदक असे नाव आहे. त्यांच्याकडून येणारा संकेत वाचून बॅटरीची वीज त्या तीन तारांत क्षणोक्षणी वाटून देणे हे नियंत्रकाचे मुख्य काम होय.

नियंत्रकाच्या पेटीत ‘मॉस्फेट’ नावाचे अर्धसंवाहक भाग असतात. वीज चालू-बंद करण्याचे काम तेच सेकंदाला हजारो वेळा करतात. याखेरीज नियंत्रकाकडे आणखी चार कामे असतात. चालकाने मूठ किती पिळली आहे हे पाहून तो वेग ठरवितो. ब्रेकची दांडी दाबताच तो मोटरीची वीज तोडतो. बॅटरीचा दाब ठराविक पातळीखाली गेल्यास तो गाडी थांबवितो. चार बॅटऱ्यांच्या ४८ व्होल्टच्या शिसे-आम्ल संचात ही पातळी साधारणतः ४२ व्होल्टच्या आसपास असते. शेवटचे आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे तो विद्युत् प्रवाहाला आणि वेगाला मर्यादा घालतो. गाडी ताशी २५ किलोमीटरांच्या आत राहते ती मोटर दुबळी म्हणून नव्हे, तर बहुधा नियंत्रक तिला पुढे जाऊ देत नाही म्हणून.

कायद्याची रेषा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये रस्त्यावर चालणाऱ्या मोटार वाहनास नोंदणी, विमा आणि चालकास अनुज्ञप्ती आवश्यक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २ (यू) याने बॅटरीवर चालणाऱ्या काही हलक्या वाहनांना यातून वगळले आहे. मोटरीची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि वाहनाचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरांपेक्षा कमी, या त्यातील प्रमुख अटी होत. पायडल मारावयाच्या विद्युत् सायकलीच्या बाबतीत मोटरीचे साहाय्य वेगाबरोबर कमी होत जाऊन २५ किलोमीटरांवर, किंवा पायडल थांबताच त्याआधी, बंद पडले पाहिजे. वाहनास योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक असावयास हवा.

यातील ‘तीस मिनिटांची शक्ती’ हा शब्दप्रयोग नीट समजून घ्यावा. मोटर सलग अर्धा तास जी शक्ती देऊ शकते ती येथे अभिप्रेत आहे. ४८ व्होल्टच्या गाडीत २५० वॅट म्हणजे सुमारे ५ अँपिअर प्रवाह. चढावर किंवा गाडी सुरू करताना नियंत्रक काही क्षण याच्या दुप्पट-तिप्पट प्रवाह सोडू शकतो आणि त्यात नियमभंग नाही. म्हणून नियंत्रकावर ‘१५ अँपिअर’ लिहिले आहे एवढ्यावरून गाडी बेकायदा ठरत नाही. गाडी ज्या मोटर-नियंत्रकाच्या जोडीसह तपासली गेली, ती जोडी कायम आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

कारण या सवलतीची आणखी एक अट आहे आणि तीच सर्वाधिक विसरली जाते. वरील गोष्टींची पडताळणी नियम १२६ मध्ये नमूद केलेल्या चाचणी संस्थेने केलेली असली पाहिजे. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्याचीच सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आणि अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना या अशा संस्थांपैकी महाराष्ट्रातील संस्था होत. बाजारातून संच आणून साध्या सायकलीला मोटर जोडली आणि मोटरीवर ‘२५० वॅट’ असे छापलेले असले, तरी तेवढ्याने सवलत मिळत नाही.

आता गुरुजींच्या गाडीकडे पुन्हा वळू. मोठा नियंत्रक बसताच तिचा वेग २५ किलोमीटरांच्या पुढे जातो आणि सवलतीचा पाया नाहीसा होतो. ती मोटार वाहन ठरते. तेही नोंदणी नसलेले व विमा नसलेले. चालकाकडे अनुज्ञप्ती नसेल, तर तोही वेगळा अपराध. विनानोंदणी वाहन चालविल्यास कलम १९२ अन्वये पहिल्या अपराधास दोन ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. दंडापेक्षाही मोठी हानी अपघाताच्या वेळी होते. विमा असलेल्या वाहनाने कोणी जखमी झाल्यास भरपाईचा भार विमा कंपनी उचलते. येथे तो भार गाडीच्या मालकावर, त्याच्या पगारावर आणि शेतीवर येऊ शकतो. वेगासाठी केलेला हा छोटासा बदल एखाद्या कुटुंबाला वर्षानुवर्षे फेडावा लागेल असे कर्ज होऊन बसतो.

असे बदल राज्यात ठिकठिकाणी होत असल्याचे दिसून आल्यावर परिवहन आयुक्त कार्यालयाने मे २०२२ मध्ये प्रादेशिक परिवहन कार्यालयांना अशा वाहनांची तपासणी करून कारवाई करण्याचे निर्देश दिले होते. कायद्याचा रोख केवळ वापरणाऱ्यावर नाही. २०१९ च्या सुधारणेने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य वाहन विकणाऱ्या वा नियमबाह्य फेरफार करणाऱ्या उत्पादक व विक्रेत्यास दर वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आपल्या मोटार वाहनात बेकायदा बदल करणाऱ्या मालकास दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो.

वेग वाढविल्याने काय होते?

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी पदार्थविज्ञान बाजूला ठेवता येत नाही. चालत्या वाहनातील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग २५ वरून ४५ किलोमीटरांवर गेला, म्हणजे तो दुपटीहूनही कमी वाढला. ऊर्जा मात्र सव्वातीन पट झाली. त्याच ब्रेकने गाडी थांबवावयाची, तर लागणारे अंतरही जवळजवळ तेवढ्याच पटीने वाढते. कमी वेगाच्या गाडीचे ब्रेक, टायर, चाकाच्या आऱ्या आणि सांगाडा हे पंचवीसच्या हिशेबाने बनविलेले असतात. तेंदूपानांचे पुडके किंवा दुधाचे कॅन मागे लादलेले असताना रस्त्यात अचानक गाय आली किंवा रानडुकरांचा कळप आडवा गेला, तर हा फरक हाडामोडीचा फरक ठरतो.

दुसरा परिणाम उष्णतेचा. जास्त प्रवाहाने मोटरीची वेटोळी व बारीक तारा तापतात, जोडण्या वितळतात आणि बॅटरीतून तिच्या क्षमतेपेक्षा अधिक वीज ओढली जाते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा ही उष्णता बाहेर टाकण्यास हवाच थंड नसते. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात अनेक ठिकाणी विद्युत् दुचाकींना आगी लागल्या. त्यानंतर नोंदणीपात्र विद्युत् दुचाकींच्या बॅटऱ्यांची सुरक्षा मानके डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत अधिक कडक करण्यात आली. त्यापूर्वीच्या गाड्यांतील बॅटऱ्या या सुधारित कसोट्यांतून गेलेल्या नाहीत. म्हणून जुन्या गाडीवर अधिक भार टाकण्याऐवजी तिला अधिक जपणे इष्ट.

बिघाड खरोखर नियंत्रकाचाच आहे काय?

बंद पडलेल्या गाडीचा नियंत्रक काढून टाकण्यापूर्वी तो खरोखर बिघडला आहे याची खात्री करावी. पुष्कळदा दोष एखाद्या स्वस्त भागात असतो आणि चांगला नियंत्रक व्यर्थ फेकला जातो. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, मागचे चाक अधांतरी ठेवून, पुढील क्रमाने तपासणी करावी. यास साधा मल्टीमीटर पुरतो.

प्रथम फ्यूज आणि सर्व कपलर पाहावेत. पावसाळ्यानंतर कपलरमध्ये हिरवट गंज धरलेला आढळतो. तो साफ करून जोडणी घट्ट बसविल्यावर गाडी सुरू झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. त्यानंतर बॅटरीचा दाब मोजावा. चार शिसे-आम्ल बॅटऱ्यांचा संच पूर्ण भरून काही तास विसावला असता सुमारे ५१ व्होल्ट दाखवितो. मूठ पिळताच तो ४२ च्या खाली कोसळत असेल, तर दोष बॅटरीचा आहे. नियंत्रक आपले कर्तव्य बजावून गाडी थांबवीत आहे.

ब्रेकच्या दांडीतील बटण अडकून राहिले असेल, तर ब्रेक लागलाच आहे असे समजून नियंत्रक वीज सोडत नाही. त्या बटणाचा कपलर तपासणीपुरता सोडवून पाहिल्यास हे उघड होते. तपासणी संपताच तो पुन्हा जोडला पाहिजे, हे विसरू नये. पुढे मुठीची पाळी. तिला नियंत्रकाकडून सुमारे ५ व्होल्ट मिळतात. मूठ सैल असताना संकेताच्या तारेवर एक व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण पिळल्यावर साडेतीन ते चार व्होल्टच्या आसपास दाब आला, तर मूठ ठीक समजावी.

हॉल संवेदकांनाही ५ व्होल्टचाच पुरवठा असतो. चाक हाताने हळूहळू फिरविताना त्यांच्या तीन बारीक तारांवरील दाब आळीपाळीने शून्य व पाच असा बदलला पाहिजे. एखाद्या तारेवर तो बदलतच नसेल, तर दोष मोटरीतील संवेदकाचा किंवा त्याच्या तारेचा आहे. शेवटी, वीज बंद करून चाक हाताने फिरवावे. ते अडखळत, झटके देत फिरत असेल, तर मोटरीच्या तीन जाड तारा नियंत्रकापासून सोडवाव्यात आणि त्यांची टोके एकमेकांस लागू देऊ नयेत. आता चाक मोकळे फिरू लागले, तर नियंत्रकातील मॉस्फेट जळून आतल्या आत जोडले गेले आहेत असे निश्चित समजावे. तारा सोडवूनही चाक अडखळत असेल, तर दोष मोटरीत किंवा तिच्या तारांत शोधावा.

बदली करताना

नियंत्रक गेल्याचे ठरल्यावर ‘जसा होता तसाच’ हे सूत्र ठेवावे. पुढील गोष्टी जुळल्या पाहिजेत.

१. दाब : ३६, ४८ किंवा ६० व्होल्ट, जो मूळ असेल तोच. जास्त दाबाचा किंवा बहुविध दाबांवर चालणारा नियंत्रक घेतल्यास बॅटरी संरक्षणाची पातळी चुकण्याचा संभव असतो.

२. प्रवाहाची मर्यादा : जुन्या पेटीवरील पट्टीवर जी कमाल मर्यादा लिहिली असेल, तिच्यापेक्षा अधिक नसावी.

३. मोटरीचा प्रकार : संवेदकासह चालणारी की संवेदकाविना, तसेच संवेदकांचा कोन १२० अंशांचा की ६० अंशांचा.

४. ब्रेकचा संकेत : दांडी दाबताच वीज तुटलीच पाहिजे. ही जोडणी न करता गाडी रस्त्यावर आणू नये.

५. वेगमर्यादा : पुष्कळ नियंत्रकांत वेगमर्यादेसाठी दोन बारीक तारांची जोडी असते. कोणत्या स्थितीत मर्यादा लागू राहते हे पेटीवरील आकृतीवरून पाहून त्याच स्थितीत ती कायमची बांधून टाकावी.

तारांच्या रंगांवर भरवसा ठेवू नये. निरनिराळ्या कारखान्यांचे रंग निरनिराळे असतात. जुनी जोडणी सोडविण्यापूर्वी प्रत्येक कपलरचे छायाचित्र घ्यावे आणि तारांना चिठ्ठ्या बांधाव्यात. बॅटरी सर्वांत आधी सोडवावी आणि सर्वांत शेवटी जोडावी. बॅटरी सोडविल्यानंतरही नियंत्रकातील धारित्रांत काही काळ वीज शिल्लक राहते. म्हणून थोडा वेळ थांबून मगच काम सुरू करावे आणि हातातील अंगठी, कडे काढून ठेवावे. जोडणी पिळ देऊन चिकटपट्टीने गुंडाळू नये. योग्य कपलर किंवा पक्का डाख, आणि त्यावर आवरण, एवढी काळजी घ्यावी.

जोडणी झाल्यावर प्रथम अधांतरी चाकावर हळू मूठ पिळावी. चाक उलटे फिरले किंवा घरघर करू लागले, तर मोटरीच्या आणि संवेदकांच्या तारांचा क्रम जुळलेला नाही. काही नियंत्रकांत हा क्रम आपोआप शिकून घेण्याची सोय असते. तिची तार काम झाल्यावर सोडवावी लागते. त्यानंतर सपाट, मोकळ्या रस्त्यावर भ्रमणध्वनीवरील उपग्रहाधारित वेगमापनाने वेग पाहावा. अधांतरी चाकाचा वेग नेहमी अधिक दिसतो. त्यावरून निष्कर्ष काढू नये. रस्त्यावरील वेग २५ च्या आत आला, दोन्ही ब्रेक, दिवा, भोंगा आणि परावर्तक ठीक असले, म्हणजे काम पूर्ण झाले. ही गाडी आवाज न करता येते. म्हणून तिचा भोंगा आणि दिवा पादचाऱ्याच्या दृष्टीने दुप्पट महत्त्वाचा आहे.

काढलेला जुना नियंत्रक लगेच फेकू नये. त्याच्या पट्टीचे स्वच्छ छायाचित्र, नव्या नियंत्रकाचे दाब व प्रवाह नमूद केलेले बिल आणि कारागिराची पावती ही गाडीच्या मूळ बिलासोबत व चाचणी प्रमाणपत्राच्या प्रतीसोबत ठेवावीत. तपासणीच्या वेळी हीच कागदपत्रे मालकाची बाजू मांडतात.

नोंदणी झालेल्या जुन्या गाड्या

अधिक वेगाच्या विद्युत् दुचाकींची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांची नोंदणी चंद्रपूरला एमएच-३४ आणि गडचिरोलीला एमएच-३३ या क्रमांकमालिकेत होते. अशा गाडीचा नियंत्रक त्याच क्षमतेच्या नियंत्रकाने बदलल्यास नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलत नाही. मोटर बदलल्यास मात्र तिचा क्रमांक बदलतो आणि तो प्रमाणपत्रात नोंदलेला असतो. म्हणून परिवहन कार्यालयाची आधी मान्यता घ्यावी. कलम ५२ अन्वये उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली आहे.

नोंदणी पंधरा वर्षे टिकते. त्यानंतर वाहन तपासून पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. २०१० च्या आसपास नोंदलेल्या विद्युत् दुचाकी आता या टप्प्यावर आल्या आहेत. त्यांच्या मालकांनी मुदतीपूर्वी नमुना २५ मध्ये अर्ज करावा. बॅटरीवरील वाहनांना नोंदणी प्रमाणपत्राचे व त्याच्या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने माफ झाले आहे, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. धूर तपासणीचे प्रमाणपत्रही या गाड्यांना लागत नाही. मात्र तृतीय पक्ष विमा लागतोच. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस तो पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. ती मुदत संपल्यावर नूतनीकरण विसरले जाते आणि गाडी नकळत विनाविमा फिरत राहते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसविणे राज्यात आवश्यक करण्यात आले आहे. २०१८ पासून खाजगी विद्युत् वाहनाची पाटी हिरवी व तिच्यावरील अक्षरे पांढरी, अशी पद्धत आहे.

ऊन, पाणी आणि आयुष्य

नियंत्रकाचे दोन शत्रू म्हणजे ऊन आणि पाणी. दोन्ही या भागात भरपूर आहेत. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षीचे चित्र आहे. इतरत्रही नाल्यांवरील कमी उंचीच्या पुलांवरून पाणी वाहते. चाकाचा तुंबा बुडेल एवढ्या पाण्यातून विद्युत् दुचाकी नेऊ नये. नियंत्रकाच्या तारा पेटीतून खालच्या बाजूस वळवून ठेवाव्यात, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी आत न शिरता खाली ठिबकते. गाडी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊ नये. उन्हाळ्यात ती सावलीत उभी करावी, नियंत्रकाच्या पेटीवर पोते किंवा सामान दाबून ठेवू नये, आणि दूरवरून आल्याबरोबर तापलेली बॅटरी चार्जरला न लावता ती निवू द्यावी.

निकामी बॅटरीची विल्हेवाट हाही याच विषयाचा भाग आहे. शिसे-आम्ल बॅटरी गावात फोडणे किंवा तिचे शिसे चुलीवर वितळविणे लहान मुलांच्या मेंदूस अपाय करणारे आहे. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्यास परत करावी व तशी नोंद बिलावर घ्यावी.

गावाने काय करावे?

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला, त्यामागे कार्यालये लोकांच्या जवळ यावीत हाच उद्देश होता. तरीही भामरागड किंवा सिरोंच्याच्या नागरिकास जिल्ह्याचे ठिकाण आजही दीडशे किलोमीटरांहून दूर आहे. प्रत्येक शंकेसाठी त्याने परिवहन कार्यालय गाठावे ही अपेक्षा व्यवहार्य नाही. म्हणून काही कामे गावातच झाली पाहिजेत.

ग्रामपंचायतीने एखाद्या ग्रामसभेत या नियमांचे वाचन ठेवावे आणि गावातील दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना आवर्जून बोलवावे. कारागीर हा या व्यवस्थेतील अपराधी नसून तिचा आधार आहे. योग्य भाग कोणता आणि अयोग्य कोणता हे त्याला कळले, तर निम्मे प्रश्न नाक्यावरच सुटतील. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्युत् शाखेच्या निदेशकांच्या साहाय्याने एक दिवसाचा वर्ग घेणे कठीण नाही. चार-पाच गावांनी मिळून नेहमीच्या क्षमतेचे दोन-तीन नियंत्रक स्थानिक दुकानात उपलब्ध राहतील असे पाहिले, तर ‘जो मिळेल तो’ बसविण्याची वेळ येणार नाही.

शिक्षकांवर आणखी एक जबाबदारी आहे. सवलतपात्र गाडीस अनुज्ञप्ती लागत नसल्याने आठवी-नववीची मुलेही ती शाळेत आणतात. त्या गाडीचा वेग वाढविला असेल, तर मूल विनापरवाना मोटार वाहन चालवीत असते आणि कलम १९९-अ अन्वये त्याच्या पालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पालकसभेत हे एकदा स्पष्ट सांगितले, तर बहुतेक पालक स्वतःच काळजी घेतील. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनीही पहिल्या भेटीत समजावून सांगण्यावर आणि मूळ नियंत्रक पुन्हा बसवून घेण्यावर भर दिल्यास कायद्याचा हेतू अधिक चांगल्या रीतीने साध्य होईल.

आपल्या उदाहरणातील गुरुजींनी कारागिराचे म्हणणे ऐकून घेतले आणि म्हटले, “चाळीसने नको, भाऊ. होती तशीच करून द्या. चार दिवस एसटीने जाईन.” चंद्रपूरहून त्याच दाबाचा व त्याच मर्यादेचा नियंत्रक मागविण्यास चार दिवस लागले. गाडी पूर्वीच्याच वेगाने पुन्हा शाळेच्या वाटेला लागली आणि बिलाची प्रत कपाटातील जुन्या बिलाला टाचली गेली. यात विशेष असे काही घडले नाही. परंतु या चार दिवसांच्या धीराने गाडी कायद्यात राहिली, ब्रेक आपल्या हिशेबात राहिला आणि एका घरावर येऊ शकणारे संकट दूर राहिले. जुन्या विद्युत् दुचाकी आपल्या ग्रामीण भागास अजून पुष्कळ वर्षे उपयोगी पडू शकतात. त्यासाठी त्यांना अधिक वेगाची नव्हे, अधिक निगेची गरज आहे.